मधून कापा की ताई

उन्हाळ्यात माझं काम पहाटे साडेपाचला सुरू होतं. सोलापूरच्या मे महिन्यात अकरानंतर सुई बोटांत धरवत नाही, घामाने निसटते, आणि फिक्या कापडावर हाताचे डाग उठतात. म्हणून उजाडताच ओसरीवर सतरंजी टाकायची, तिच्यावर गोधडी पसरायची आणि तिघींनी तीन कडांना बसायचं. शेजारच्या अक्का, मागच्या गल्लीतल्या भाभी आणि मी. अंगुस्तान फक्त भाभी घालतात. अक्कांच्या मधल्या बोटाला असा घट्टा पडलाय की त्यांना ते लागतच नाही. अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात आमचं घर आहे. आठ वाजले की आजूबाजूच्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो आणि मग दिवसभर आम्ही जरा मोठ्यानेच बोलतो.

माझे वडील जेकार्डची कार्डं पंच करायचे. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून फूल काढायचं, एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मग ते पुठ्ठे दोऱ्याने एकापुढे एक ओवायचे. त्या माळेवरून मागावर चादरीचं फूल उमटायचं. मी त्यांच्या शेजारी बसून चौकोन मोजायला शिकले. पुढे अकरा वर्षं एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन विभागात होते. तिथे एकदा परदेशी गिऱ्हाइकाकडून नमुन्याचा तुकडा आला. निळ्या जमिनीवर समोरासमोर पाखरं, चोचीत लाल फळ, भोवती पानंफुलं अशी दाटलेली की कुठे रिकामी जागा नाही, तरीही डोळ्यांना गर्दी वाटत नाही. मी तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. रिपीट, म्हणजे फिरून फिरून येणारा नक्षीचा तुकडा, कुठे संपतो ते शोधायला मला, पंचिंगवाल्याच्या मुलीला, पाव तास लागला. त्याची झेरॉक्स अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे.

ते विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराचं ‘स्ट्रॉबेरी थीफ’ होतं, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, १८८३ सालचं. इंग्लंडातल्या केल्म्स्कॉट गावच्या त्याच्या बागेत थ्रश पक्षी, म्हणजे आपल्या कस्तुराचे भाऊबंद, जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवायचे, त्यावरून त्याने ते काढलं. सगळं कापड आधी निळीत बुडवायचं, मग जिथे निळा नको तिथला ठशाने उडवायचा आणि त्यानंतर लाल, पिवळा भरायचा. एक कापड पुरं व्हायला कित्येक दिवस. हे वाचलं आणि मी त्या माणसाच्या मागेच लागले. यंत्रापेक्षा हातकामाला मान देणाऱ्या त्याच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतलं जे मिळेल ते शब्दकोश घेऊन वाचलं. त्याची मुलगी मे मॉरिस १८८५ मध्ये तेविसाव्या वर्षी त्यांच्या कंपनीचं भरतकाम सांभाळायला लागली, हे कळलं त्या दिवशी मला घरचं कोणी तरी भेटल्यासारखं झालं होतं. कारखाना सोडून गोधड्या शिवायचं धाडस मी त्यानंतर केलं. माझी स्वतःची एक गोधडी आहे: मालदांडी ज्वारीची कणसं आणि त्यांवर झडप घालणाऱ्या चिमण्या, सगळं जुन्या लुगड्यांच्या कातरणांतून कापून लावलेलं. ती मी विकलेली नाही. ओसरीच्या भिंतीवर असते.

त्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला मोहोळकडचे एक भाऊ-बहीण आले. भाऊ पन्नाशी ओलांडलेले, बहीण त्यांच्याहून तीनेक वर्षांनी मोठी. भावाने खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

“आईची वाकळ आहे. आईला जाऊन वरीस झालं. आता दोघांनाबी पाहिजे म्हणल्यावर काय करायचं? मधून कापा की ताई, अन् कडंनं काठ मारून द्या दोन्हीला.”

बहीण काही बोलली नाही. गाठोडं सोडल्यावर वाकळेचं एक टोक तिने मांडीवर घेतलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मला एक जुनी गोष्ट आठवली आणि हात आखडला. बारा वर्षांपूर्वी एका बाईंनी सासूची वाकळ ‘नवी करून द्या’ म्हणून दिली होती. मी ती सगळी उसवली. विरलेलं फेकलं, बाकीचं धुऊन त्याला नवं अस्तर लावलं आणि मशीनवर सरळ रेषेत टाके मारले. मला काम आवडलं होतं. बाई न्यायला आल्या, त्यांनी तिच्यावरून बराच वेळ हात फिरवला आणि विचारलं, “यात आमच्या आत्याबाईंचा टाका कुठं राहिला?” पैसे देऊन त्या वाकळ घेऊन गेल्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. फेकलेलं परत आणता येत नव्हतं.

त्या प्रश्नाशी मी पुष्कळ दिवस झगडले, आणि उत्तर पुन्हा मॉरिसकडेच मिळालं, तेही पाखरांच्या कापडात नाही. त्याच्या काळी इंग्लंडात जुनी चर्चं ‘मूळ रूपात’ आणायची टूम निघाली होती. पिढ्यापिढ्यांनी घातलेली भर खरवडून काढायची आणि कोणे एके काळी असेल असं वाटतं तसं नवं करकरीत उभं करायचं. मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हेच नाव पडलं. तिच्या जाहीरनाम्याचं सांगणं असं, की रोजची निगा राखा. भिंत कलली तर टेका द्या, छप्पर गळलं तर झाका. पण टेका हा टेकाच दिसला पाहिजे, त्याने जुन्याचं सोंग आणता कामा नये. आमच्या सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली तीही १८७७ सालीच. एकीकडे गिरणीचा भोंगा वाजू लागला होता आणि एकीकडे तो माणूस सांगत होता की हाताचा ठसा पुसू नका. हे साल मी विसरत नाही.

म्हणून मी कात्रीला हात लावला नाही. “दादा, आधी आत काय आहे ते बघू द्या,” म्हटलं आणि पायथ्याकडची शिवण वीतभर उसवली.

वाकळेच्या पोटात किती काय असतं, ते उसवल्याशिवाय समजत नाही. चुलीच्या धुराचा वास आला. वर हिरवं नऊवारी, त्याखाली धोतर, मग फुलाफुलांचं चीट, आणि त्याखाली जाळी झालेली सोलापुरी चादर. चादरीवरचं फूल वडिलांनी पंच केलेलं आहे का, ते मी निरखून पाहिलं. नव्हतं. चादरीच्या खाली आणखी एक पातळ वाकळ होती, तिचे टाके वेगळे, बारीक आणि दाट. बहीण म्हणाली, “ती आमच्या आज्जीची आसंल. आईनं तिच्यावरच शिवली असंल.”

मग वरचे टाके बघत गेले. आईचा हात पक्का होता, बोटाच्या एका पेरात पाच टाके, डोक्यापासून पायापर्यंत एकसारखे. फक्त बरोबर मध्यावरची एक ओळ वाकडीतिकडी होती. दोरा लाल, एक टाका लांब, दोन आखूड, पुढे तर ओळ शेजारच्या ओळीवर चढलेली.

“ही कुणाची?”

“माझी,” बहीण म्हणाली. “चौथीत होते. हट्ट धरला म्हणून आईनं एक वळ दिली. मग अक्षी वाकडी गेली, मी रडाया लागले. आईनं उसवली न्हाई. म्हणाली, राहू दे, अंगाखाली गेल्यावर कुणाला दिसतंय.”

भाऊ वाकून बघत होते. “सुई मी ओवून द्यायचो,” ते म्हणाले. “आईला सांजच्याला दिसायचं न्हाई.”

कात्री त्या लाल ओळीवरूनच चालली असती.

मी त्यांना कामातलं कारण सांगितलं, कारण तेही खरंच होतं. धावदोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसलग असतो. मध्ये कापला की प्रत्येक ओळीची टोकं मोकळी होतात. काठ मारला तरी दोनतीन धुण्यांत टाके सरकतात, आतली विरलेली कापडं एका बाजूला गोळा होतात आणि वाकळेचा बोळा होतो. दोघांच्याही हाती वाकळ राहणार नाही. भावाने मान हलवली. बहिणीने तर केव्हाच ठरवलं होतं असं तिच्या मुठीकडे बघून वाटलं.

प्रश्न उरला भोकाचा. पायथ्याला उंदराने दोन तळहातांएवढं कुरतडलं होतं. भावाची नजर माझ्या भिंतीवर गेली. “असलं एखादं पाखरू त्या भोकावर बसवा की ताई. झ्याक दिसंल.”

मला मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. माझी चिमणी त्या हिरव्यावर खरोखर उठून दिसली असती. पण ती माझी चिमणी. या दोघांच्या आईने उभ्या आयुष्यात वाकळेवर पाखरू काढलं नव्हतं, आणि ज्याच्या त्याच्या आईच्या वाकळेवर मी आपली सही करत सुटले तर मॉरिसचं मी काय वाचलं? मी नको म्हटलं. अक्कांनी आतून मांजरपाटाचा एक तुकडा आणला, सात-आठ वेळा धुऊन मऊ केलेला. विरलेल्या कापडाला कोरं, कडक ठिगळ लावलं तर तेच ठिगळ शेजारचं जुनं कापड फाडतं. ठिगळ जुन्यापेक्षा मऊच पाहिजे. रंग जुळवायच्या भानगडीत पडले नाही. पांढरं ठिगळ पांढरंच दिसेल, हे दोघांना आधी सांगून ठेवलं.

वाकळ शेवटी कोणाकडे राहणार, ते त्यांनी माझ्यासमोर ठरवलं नाही, मीही विचारलं नाही. आषाढीच्या आधी घेऊन जा म्हटलं. ऊन चढलं होतं, भाभी आवराआवर करायला लागल्या होत्या. तेवढ्यात बहीण म्हणाली, “एक वळ मी घालू का?”

मी सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ पुढे केलं. तिने ते तसंच भावाकडे दिलं. त्यांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, दोनदा चुकली. मग खिशातून चष्मा काढला.