चाकांवरचं बिऱ्हाड : नाशिकचे तीन ऋतू

गाडीत कायमचं राहायचं ठरलं की माणसं आधी पलंग कुठे आणि ओटा कुठे याचे नकाशे काढतात. मीही तेच केलं. आता कुणी विचारलं तर मी आधी वजनकाट्यावर पाठवतो.

लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), उंच छताची जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली. सीट काढल्या, डिझेलची टाकी भरली आणि पुढचा व मागचा ॲक्सल (चाकांचा आस) काट्यावर वेगवेगळा मोजून घेतला. आरसीवरच्या एकूण वजनातून हे रिकामं वजन वजा केलं की उरतं तेवढंच आपलं घर. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. १८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते. म्हणून कपाटांना १२ मिमी, दारांना ९ मिमी, आणि सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे टाकली तर पुढची चाकं हलकी पडतात आणि घाटातल्या वळणावर स्टिअरिंगची पकड जाते. टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये घ्या, बॅटरी तिच्या समोरच्या बाजूला, जड सगळं खाली. काम संपल्यावर पुन्हा काट्यावर न्या, या वेळी भरलेली.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गाडीच्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आणि ती कामाच्या आधी. आराखड्यात प्रवासात बसायच्या जागा व त्यांचे सीटबेल्ट स्पष्ट दाखवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र जोडा. काम झालं की चौदा दिवसांत कळवायचं, तपासणी करून घ्यायची, आरसीवर नोंद करून घ्यायची. मग विमा कंपनीला लेखी कळवायचं, कारण न कळवलेल्या बदलावर दावा अडतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर साधा एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. आधार, बँक, मतदारयादी यांसाठी मात्र पक्क्या घराचा पत्ता असला की सोपं पडतं. आमचा पंचवटीत भावाकडचा आहे.

राहायची जागा गाडीइतकीच महत्त्वाची. आम्ही गिरणारे रस्त्याला ओळखीच्या मळ्यात उभे आहोत. इथली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी लागते आणि जुलैत चाक अर्धं गिळते. सहा बाय तीन मीटरची जागा अर्धा फूट उकरून मुरूम-खडी भरायला साधारण एक ब्रास (शंभर घनफूट) माल लागतो. एका अंगाला थोडा उतार ठेवून धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून) घ्या. हे काम मे संपायच्या आत व्हायला हवं. पाऊस सुरू झाल्यावर डंपर शेतात येऊ शकत नाही.

मळ्यात वीज असते म्हणून विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढू नका. शेतीपंपाचा पुरवठा घरासाठी वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचा भुर्दंड मळेवाल्याला बसतो. शिवाय तो पुरवठा पाळीने येतो. घरगुती मीटरवरून १६ अँपिअरचा सॉकेट घ्या, २.५ चौरस मिमीची तीन तारांची केबल, गाडीत शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि गाडीच्या सांगाड्याला अर्थिंग. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी चालवला की आतले वेढे तापून चिकटतात. पूर्ण उलगडा.

एसी आणि इंडक्शन सोडलं तर आमचं रोजचं गणित असं: उन्हाळ्यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ६०० वॉट-तास, दोन पंखे ४८०, लॅपटॉप-फोन ३००, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ८०. एकूण सुमारे १,४६०. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तास, म्हणजे २,५६० वॉट-तास. त्यातले ऐंशी टक्के वापरायचे. छतावर ३३५ वॉटचे दोन पॅनेल आहेत. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी अडीच हजार वॉट-तास सहज मिळतात. सलग ढगांच्या जुलैत हजारही कठीण. ती तूट भरायला अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. दीड तास गाडी चालली की सहाशे वॉट-तास आत येतात. २,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर दोनशे अँपिअरच्या जवळ ओढतो, त्यामुळे तिथे ७० चौरस मिमीची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. बारीक केबल टाकली तर व्होल्टेज पडून इन्व्हर्टर बंद होतो आणि आपण उगाच बॅटरीला दोष देत बसतो. बॅटरी पलंगाखाली, हवेशीर ठेवा. नाशिकला थंडीने लिथियम बिघडत नाही, मे महिन्यात बंद कप्प्यात तापून बिघडते.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षांवर फवारण्या सुरू होतात. फवारणीच्या वेळी छताचा झरोका बंद ठेवा. पॅनेलवर औषधाचा पांढरट थर बसतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने पुसा. उंदीर हा मळ्यातला दुसरा त्रास. गाडीच्या तळाला पाडलेलं प्रत्येक भोक स्टीलच्या जाळीने बुजवायचं, वायर नालीदार पाइपातून न्यायची.

पावसाबद्दल सविस्तर लिहायला हवं. गळती आणि ओल ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत. गळती बहुधा आपणच पाडलेल्या भोकांतून होते: झरोका, पॅनेलचे बोल्ट, केबलची जागा. कापलेल्या पत्र्याच्या कडेला आधी गंजरोधक प्रायमर, झरोक्याच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप, वरून पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, ते सुटतं आणि त्याच्या डागावर पुढे काहीच चिकटत नाही. पॉलियुरेथेन दिवसाला दोन-तीन मिमी एवढंच आतपर्यंत वाळतं, म्हणून काम मृगाच्या आदल्या दिवशी करू नका. मग नळीने पाणी मारून तपासा: खालून वर, एका पट्ट्यावर वीस मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी छताच्या फासळीवरून धावत भलतीकडेच टपकतं आणि मूळ जागा सापडत नाही.

ओल मात्र हवेतून येते. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत मिसळतं. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला की हे पाणी पत्र्यावर दव होऊन बसतं. तेव्हा झरोका बोटभर उघडा ठेवून पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला की काम भागतं, कारण बाहेरची हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टात हा उपाय उलटतो. बाहेरची हवाच दमट असते, खिडकी उघडून आणखी ओल आत येते. तेव्हा दारं लावून एसी ड्राय मोडवर दिवसातून दोन तास, आर्द्रतामापक ६५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. पत्र्याच्या आत ग्लासवूल भरू नका, ते पाणी धरून बसतं आणि पत्रा मागून गंजतो. बंद पेशींचा नायट्राइल फोम पत्र्याला पूर्ण चिकटवा, मध्ये हवा राहू देऊ नका. गादीखाली सलग प्लाय नको, फटी असलेल्या पट्ट्या हव्यात. आमच्या पहिल्या गादीला तीन आठवड्यांत बुरशी आली ती सलग प्लायमुळेच.

पावसाळ्यात स्वयंपाक गॅसवर, उन्हाळ्यात इंडक्शनवर. कुकरचा भात इंडक्शनवर उत्तम होतो, पण बाजरीची भाकरी फुगायला ज्योतच लागते. सिलिंडर पाच किलोचा. त्याचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद, दार बाहेरून, आणि तळाला दोन इंचांचं भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. गळतीचा अलार्मही जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद.

काटकसरीने दोघांना दिवसाला चाळीस लिटर पाणी पुरतं, अंघोळ धरून. शंभर लिटरची टाकी म्हणजे अडीच दिवस. तीन महिन्यांनी टाकी धुताना ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला एक मिलि या मापाने घाला, नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास थांबा, दोनदा खंगाळा. शौचालयाची २० लिटरची कॅसेट (काढून नेता येणारी मैल्याची टाकी) दोघांना तीन दिवस चालते. आम्ही ती मळ्यातल्या सेप्टिक टाकीत रिकामी करतो, म्हणून फॉर्मल्डिहाइडचं निळं रसायन वापरत नाही. त्याने टाकीतले जिवाणू मरतात. सांडपाणी ७० लिटरच्या टाकीतून केळीच्या आळ्यात जातं. ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला कधीच नाही; इथला प्रत्येक ओढा शेवटी गोदावरीला मिळतो.

आणि तीन आठवड्यांतून एकदा गाडी तीसेक किलोमीटर फिरवा. एका जागी उभ्या गाडीचे टायर चपटे पडतात, ब्रेक गंजून धरतात. टायरवरच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांनी टायर बदला.