आरोपी पळाला पण बॉन्ड सुटला

मी कॅलिफोर्नियात एका छोट्या लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेशीर कामातली मदतनीस आहे आणि आमचे क्लायंट म्हणजे बेल बॉन्डच्या मागे उभ्या असणाऱ्या इन्शुरन्स कंपन्या. गावाकडे हे सांगितलं की लोक हसतात, जामिनाचाही इन्शुरन्स? आपल्याकडे जामीनदार म्हणजे काका नाहीतर ओळखीतला कोणीतरी, सातबारा घेऊन कोर्टात उभा. इथे साधारण 10 टक्के प्रीमियम भरला की एजंट बेल बॉन्ड लिहून देतो, म्हणजे आरोपी कोर्टात आला नाही तर पूर्ण रक्कम कंपनी भरेल अशी हमी.

तर केस 50,000 डॉलरच्या बॉन्डची. आरोपी गायब, कोर्टाने बॉन्ड जप्त केला. आता जप्ती म्हणजे लगेच पैसे भरा असं नसतं, इथल्या पीनल कोडच्या कलम 1305 खाली 180 दिवस मिळतात, नोटीस पोस्टाने आली तर वर 5, तेवढ्यात माणूस हजर झाला तर जप्ती रद्द. एजंटच्या लोकांनी खूप शोधलं, काही हाती लागलं नाही, मुदतवाढही घेऊन झाली. बॉन्डवर सही होती त्याच्या मावशीची, घर तारण, म्हणजे कंपनीने पैसे भरले की वसुली तिच्याकडून.

मग मी जुनी फाइल उपसायला घेतली. जप्तीच्या आधी प्रिलिमिनरी हिअरिंगची, म्हणजे खटल्याआधीच्या प्राथमिक सुनावणीची तारीख होती, तिथे मिनिट ऑर्डरमध्ये, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत एवढंच लिहिलेलं की आरोपी गैरहजर, पुढची तारीख, बॉन्ड कायम. मी खुर्चीत ताठच बसले. कारण इथला नियम कडक आहे, आरोपी सबळ कारणाशिवाय आला नाही तर जज्जनी तिथल्या तिथे भर कोर्टात जप्ती जाहीर करायची, काही कारण असू शकेल असं मानायला आधार असेल तरच 1305.1 खाली थांबता येतं. तसं नसताना थांबलात तर त्या बॉन्डवरचा कोर्टाचा अधिकारच जातो.

कोर्टातलं बोलणं शब्दशः टिपणाऱ्या कोर्ट रिपोर्टरकडून त्या दिवसाचं ट्रान्सक्रिप्ट मागवलं. त्यात आरोपीचा वकील म्हणतो, संपर्क नाही, कुठे आहे माहीत नाही. जज्ज म्हणतात, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात बघू. बस्स.

मग जप्ती रद्द करा म्हणून आम्ही अर्ज केला. सुनावणीला समोर डीए, म्हणजे सरकारी फिर्यादी वकील नव्हे, तर काउंटी काउंसेल, म्हणजे काउंटीचे (इथल्या जिल्ह्याचे) वकील, कारण पैसा काउंटीचा. त्यांचं म्हणणं, माहीत नाही म्हणजे कारण असूही शकतं ना. आमच्या सरांनी एवढंच विचारलं की मग रेकॉर्डवर ते कारण कुठेय? जज्जनी पानं परत वाचली आणि जप्ती रद्द, बॉन्ड मोकळा.

खरं सांगू, मला हे थोडं विचित्रच वाटतं, पळाला तो, चुकलं कोर्ट आणि सुटली कंपनी. पण इथली कोर्टं अशी जप्तीची कलमं जामीनदाराच्या, म्हणजे इथे कंपनीच्या, बाजूनेच वाचतात आणि या केसमध्ये तरी मला ते पटलं, मावशीचा काय दोष.

तिला फोन केला तर पहिला प्रश्न, माझे 5,000 परत मिळतील का? नाही, प्रीमियम परत मिळत नाही. आणि भाच्याचं वॉरंट? ते आहेच, बॉन्ड सुटला म्हणून वॉरंट सुटत नाही.