तुम्ही विचारलंत म्हणून : कोणी ओळखत नसताना दौरा कशासाठी?

"तुम्हाला कोणी ओळखत नाही, मग परक्या शहरांत जाऊन वाजवता कशासाठी?" हा प्रश्न आमच्या बँडला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा रिकाम्या खुर्च्या असतात. खुर्च्या रिकाम्या असतात हे खरे. परंतु दौऱ्यातला सर्वांत कठीण भाग तो नव्हे.

कठीण असते ते ताटकळणे. दिवसभर प्रवास करून पोहोचावे, ड्रम आणि अँप्लिफायर उतरवून घ्यावेत, आणि मुख्य बँडचा साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमापूर्वीची आवाजाची जुळवणी, लांबत गेल्यामुळे आपल्या वाट्याला शेवटची काही मिनिटेच उरावीत, हे नेहमीचेच आहे. मॉनिटरमधून, म्हणजे रंगमंचावर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही, तर तो नकळत जोर लावून गातो, सूर ढळतो आणि थोड्याच गाण्यांत घसा बसतो. श्रोत्यांना मात्र गायकच बेसूर वाटतो. म्हणून वेळ अपुरा असेल तेव्हा आम्ही अख्खे गाणे वाजवून पाहत नाही. सर्व वाद्ये एकदम वाजतात तेवढाच तुकडा वाजवतो आणि त्या गदारोळात गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत मॉनिटर लावून घेतो.

पैशांचे दुखणे वेगळे. ठरलेले मानधन नवख्या बँडला क्वचितच मिळते. तिकिटांतला वाटा मिळतो, आणि आयोजकाने प्रसिद्धीच केली नसेल तर तो प्रवासखर्चालाही पुरत नाही. पुढे जगप्रसिद्ध झालेला इंग्लिश बँड बीटल्स घ्या. ते १९६० पासून जर्मनीतील हँबुर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्री तासन्‌तास वाजवून तयार झालेले होते. तरीही ९ डिसेंबर १९६१ रोजी इंग्लंडमधील ऑल्डरशॉट येथे त्यांच्यासमोर अवघे १८ श्रोते होते, कारण कार्यक्रमाची जाहिरात वर्तमानपत्रात छापूनच आली नव्हती. त्यामुळे तुरळक गर्दीवरून स्वतःच्या संगीताची किंमत ठरवणे मला मुळीच मान्य नाही.

मग जायचे कशासाठी? अनोळखी श्रोत्यांसाठीच. मित्रमंडळी प्रत्येक गाण्याला टाळ्या देतात, आणि त्यांचे प्रेम मोलाचे असले तरी त्यातून गाण्याविषयी काहीच कळत नाही. अनोळखी माणूस आपले काही देणे लागत नाही. त्याला कंटाळा आला की तो शेजाऱ्याशी बोलू लागतो. आमच्या एका गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा लांबलचक तुकडा होता, आणि तो आम्हा सर्वांचा लाडका होता. दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी नेमक्या त्याच जागी कुजबुज सुरू व्हायची आणि गायकाची पहिली ओळ येताच थांबायची. घरच्या सरावात हे आम्हाला कधीच कळले नसते. वाटेत गाडीतच बराच वाद घालून आम्ही तो तुकडा निम्म्यावर आणला, ड्रम गायकाच्या आवाजाबरोबरच सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी मागे भिंतीला टेकून उभे असलेले काही जण त्याच गाण्याला पुढे आले. आता आमचा कार्यक्रम त्याच गाण्याने सुरू होतो.