माणगावचा यशवंत

१० जुलै, रात्री

आज दिवसभर पाऊस आणि दिवसभर डोक्यात यशवंत घाडगे. ही तारीख आली की असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली आजच्याच दिवशी तिकडे इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तो पडला. वय वर्षं २२. माझा भाचा आता बरोबर त्याच वयाचा आहे म्हणून असेल, माझ्या तोंडात अरे-तुरेच येतं, बाकी माणगावात लोक मानाने यशवंतराव म्हणतात आणि तेच योग्य आहे.

मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने माणगावचं ट्रॅफिक भोगलेलं असतं. तिथेच तहसील ऑफिससमोर त्याचा पुतळा आहे. सातबारा, दाखले, फेरफार, कसले कसले कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसं त्याच्यासमोरून ये-जा करत असतात. गाव त्याचं पळसगाव, याच तालुक्यातलं. तिथून तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये गेला, नाईक झाला, म्हणजे सेक्शन कमांडर, आठ-दहा जवानांचा म्होरक्या.

त्या दिवशी काय झालं ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या शौर्याच्या सर्वोच्च पदकाच्या, मानपत्रात लिहिलंय. कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चाल करून गेली आणि यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे मेले नाहीतर जखमी झाले, उरला हा एकटा. मागे कोणी नाही हे त्याला माहीत होतं, मानपत्रात तसं स्पष्ट म्हटलंय, आणि तरी तो थेट त्या मशीनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड टाकला, गन आणि ती चालवणारा दोन्ही गार. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला उडवला. अजून दोघं शिल्लक होते आणि मॅगझीन बदलायला वेळच नव्हता, तेव्हा त्याने बंदूक उलटी केली, नळीला धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. मी तिथे दरवेळी अडखळतो. नुकतीच फायर केलेली टॉमीगन, तिची नळी हाताला चटके देत असणार, साडेचार-पाच किलोचं ते धूड. लगेचच लपलेल्या स्नायपर्सच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जे ठाणं त्याने एकट्याने जिंकलं त्याच ठाण्यात त्याचा जीव गेला.

हे सगळं मिळून किती वेळ चाललं असेल, दोन मिनिटं? फार तर तीन. या दोन-तीन मिनिटांचा हिशोब लंडनच्या गॅझेटात छापून ठेवलाय, आणि त्याआधीची २२ वर्षं कुठेच नाहीत. घरी काय सांगून निघाला, बोटीवर त्याला समुद्र लागला का, पत्रं कोणाकडून लिहून घ्यायचा की स्वतः लिहायचा, आईला इटली म्हणजे कुठे हे कोणी समजावलं असेल. मला त्याचं शौर्य वाचून अभिमान वाटतोच, का नाही वाटणार, पण आत कुठेतरी तुटतं ते या बाकीच्या गोष्टींसाठी.

आणि जुलैची दहा तारीख म्हणजे आपल्याकडे लावणीचे दिवस. डोक्यावर इरलं, पोटरीभर चिखल, वाकून वाकून पाठ धरलेली, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. तिकडे तो कोरड्या उन्हाळ्यात टेकडीवर पडलाय आणि इकडे गावात बहुतेक त्याच्या वाट्याच्या मुठी दुसरं कोणीतरी लावत असेल, आणि पुढचे कित्येक दिवस कोणाला काही पत्ताही नसेल. त्याचं पदक व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून त्याच्या बायकोने घेतलं. आपल्या पळसगावची बाई, समोर व्हाइसरॉय. त्या क्षणी तिच्या मनात काय होतं हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

कोणी ना कोणी मला हमखास ऐकवतंच की अरे पण तो इंग्रजांसाठी लढला ना, ते आपलं युद्ध कुठे होतं. मला याचा खरंच त्रास होतो. मान्य, ते युद्ध आपल्याला विचारून सुरू झालं नव्हतं, ४२ च्या चळवळीतली माणसं तेव्हा तुरुंगात होती, बंगालचा दुष्काळ तर आदल्याच वर्षीचा. हे सगळं खरं आहे आणि विसरू नयेच. पण पळसगावच्या पोराला त्याचा जाब कसला विचारता? समोर हिटलरची फौज होती, बाजूला त्याची पोरं एकेक करून पडली होती, आणि त्याने पाठ दाखवली नाही. इटलीच्या त्या मोहिमेत आपले ५० हजारांवर जवान होते, त्यातले ५,७८२ परत आलेच नाहीत. इटलीत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्यातले सहा आपल्या लोकांचे, आणि सहातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. ते वाचले, घरी आले, म्हातारे झाले. यशवंतच्या नशिबी ते नव्हतं.

गंमत बघा, इटलीतल्या लोकांना हा वाद पडलेला नाही. पेरुजियाजवळ मोंतोने म्हणून छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये यशवंत घाडगेच्या नावाने स्मारक उभारलं, आणि स्मारक काय तर सूर्यघड्याळ! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. ती बातमी वाचली तेव्हा मला रडू आलं होतं. मशीनगनवरच्या त्या चौघांनाही कोणीतरी घरी वाट बघणारं असेल, हेही तेव्हाच पहिल्यांदा मनात आलं आणि आता जात नाही.

त्याची समाधी नाही. ज्यांची जागा सापडत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरली आहेत, त्यात त्याचं आहे. भाचा सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर इटलीला चाललाय, रोम, फ्लोरेन्स, पिसा वगैरे नेहमीचं. आज जेवताना त्याला म्हटलं, रोमवरून कासिनोला ट्रेन जाते, एक दिवस काढ. तो म्हणाला, मामा जातो, फोटो काढून पाठवतो. मग थोड्या वेळाने परत त्याला सांगितलं की एकट्या घाडगेचा नको काढूस, तिथे पलटणीप्रमाणे नावं आहेत, मराठा रेजिमेंटची जेवढी दिसतील तेवढी सगळी काढ, सावकाश, वाचता येतील अशी. त्याच्या सेक्शनमधल्या पोरांची नावं मानपत्रात एकही नाही, आणि त्यातली काही तिथेच त्याच्या वर-खाली असतील.