आज शिक्षकांची शाळा
आज आमच्या जर्मनीतल्या शाळेत मुलांना सुट्टी आणि आम्हा शिक्षकांचं डिजिटल शिकवण्याचं प्रशिक्षण. २०१९ च्या 'डिजिटलपाक्ट' या केंद्र-राज्य करारातून केंद्र सरकारने शाळांना ५ अब्ज युरो दिले; वायफाय, स्मार्टबोर्ड आले. शिक्षकांना तयार करणं मात्र राज्यांकडेच राहिलं, आणि ते अजून मागेच आहे असं मला वाटतं.

आज युरोपियन आयोगाची २०१७ ची 'डिजकॉम्पएज्यु' ही शिक्षकांच्या डिजिटल कौशल्यांची चौकट घेऊन बसलो. २२ कौशल्यं, आणि भर यंत्रावर नाही, शिकवण्यावर! निवृत्तीला आलेल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "टॅबलेटवर उत्तर दिसतं, पण मूल नेमकं कुठे अडलं ते कसं कळणार?" मग त्यावरच सगळी चर्चा रंगली. असं प्रशिक्षण दर महिन्याला हवं. पुढच्या आठवड्यात त्या बाई आणि मी एकमेकींच्या तासाला बसणार आहोत.