सावलीत वाळवलेलं अस्वल

पावसाळा सरला की कंपाउंडच्या भिंतीवरची हिरवी मखमल तपकिरी पडू लागते. ऑक्टोबरच्या उन्हात ती इतकी कोरडी होते, की नखानं टोकरली तर भुगा होऊन खाली पडते. दिवाळीच्या साफसफाईत तारेच्या ब्रशनं खरवडून काढतात ती हीच. घरात तिला सरसकट शेवाळ म्हणतात. पण पाय घसरवणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि गादीसारखी दाट वाढणारी ही मॉस वेगळी. या मॉसच्या भुग्यात, धुळीतून वेगळे काढता येणार नाहीत असे, वाळून बसलेले प्राणी असतात. आठ पाय, प्रत्येक पायाला नख्या आणि लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. नाव टार्डिग्रेड, मराठीत पाणअस्वल.

अस्वल हे नाव पहिल्यांदा दिलं ते योहान गोत्से या जर्मन पाद्र्यानं, १७७३ मध्ये. चाल पाहिली की ते पटतं. पुढचे सहा पाय पाण्यातल्या काडीकचऱ्यावर धडपडत असतात आणि मागचे दोन, उलट दिशेला वळलेले, आकड्यासारखे धरून ठेवतात. तोंडात दोन सुया असतात. मॉसची किंवा शैवालाची पेशी सुयांनी भोकसायची आणि आतला रस ओढून घ्यायचा, हे बहुतेकांचं जेवण. मिल्नेझियम कुळातले मात्र चक्क शिकारी, शेजारचे रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) आणि सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक किडे) खाणारे. फुप्फुसं नाहीत, हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो आणि त्यासाठी अंगाभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणजे भिंतीवर राहत असला तरी हा प्राणी पाण्यातलाच. पाणी गेलं की त्याचं सगळंच थांबतं.

पाणअस्वलाबद्दल हल्ली जे काही फिरत असतं त्याचा सूर एकच: हे मरतच नाही. उकळा, गोठवा, अंतराळात फेका, काही होत नाही. हे निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं जास्त मजेदार आहे. डेन्मार्कमधल्या छपराच्या पन्हाळीतून गोळा केलेल्या रामाझोटिअस व्हॅरिओर्नाटस या जातीची २०२० मध्ये तपासणी झाली. जात कणखर म्हणून नावाजलेली. पाण्यात हिंडती-फिरती अस्वलं २४ तास ३७.१ अंश सेल्सिअसला ठेवली, तर निम्मी मेली. ३७ अंश म्हणजे आपल्या अंगाची ऊब! तीच जात वाळलेल्या अवस्थेत तासभर तापवली, तेव्हा निम्मी मरायला ८२.७ अंश लागले. पण वेळ २४ तासांवर नेली, की हा आकडा ६३.१ वर घसरला. कणखरपणा प्राण्याचा नाही, वाळण्याचा आहे. आणि त्यालाही घड्याळ लागलेलं आहे.

वाळणं हे काम किती नाजूक, हे ज्यांनी वाळवणं घातली आहेत त्यांना सांगायला नको. कसुरी मेथी कडक उन्हात टाकली तर रंग जातो, वासही जातो. सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवावी लागते. पाणअस्वलाचं तसंच. पाण्याच्या थेंबासकट ते स्वच्छ काचेवर ठेवलं आणि थेंब भराभर सुकू दिला, तर ते पसरून चिकटतं आणि मरतं. पुन्हा पाणी घातलं तरी उठत नाही. प्रयोगशाळेत ते गाळणकागदावर ठेवून दमट हवेच्या बंद डब्यात तासन् तास हळूहळू सुकवतात. भिंतीवर हे काम मॉसच करते. गादीचा वरचा थर आधी सुकतो, आत ओल टिकते आणि अस्वलाला आवरासावर करायला वेळ मिळतो.

ती आवरासावर अशी: डोकं आणि पाय आत ओढले जातात, अंगाला घड्या पडतात आणि प्राण्याचं एक सुरकुतलेलं छोटं पिंप होतं. आकुंचन पावल्यानं हवेला उघडी बाजू कमी राहते आणि उरलेलं पाणी आणखी सावकाश जातं. शेवटी शरीरात दोन-तीन टक्के पाणी उरतं आणि चयापचय मोजताही येणार नाही इतका मंदावतो. पेशी कोसळू नयेत म्हणून ट्रेहॅलोज नावाची साखर वापरली जात असावी, असं बराच काळ धरून चाललं होतं. सुकणारे इतर काही जीव तसंच करतात. पण बऱ्याच पाणअस्वलांत ही साखर नगण्य निघाली. त्यांच्यात खास प्रथिनं सापडली, एरवी ठाम आकार नसलेली. पाणी कमी होऊ लागलं की ती घट्ट होऊन पेशीतला पसारा जागच्या जागी धरून ठेवतात. टोकियोतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये डीएनएला बिलगून बसणारं आणखी एक प्रथिन दाखवलं, डीसप. ते माणसाच्या पेशींत तयार करवलं, तेव्हा क्ष-किरणांनी होणारी डीएनएची मोडतोड सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

हे सगळं फुकट होत नाही. पिंप व्हायला आणि त्यातून परत उठायला ऊर्जा लागते आणि ती अंगातल्या साठवणीच्या पेशींतून येते. मध्ये पोटभर खायला न मिळता वारंवार ओलं-सुकं झालं, तर उठणाऱ्यांची संख्या घटत जाते. पावसाळ्याच्या तोंडावर एक वळीव येऊन पुन्हा आठवडाभर कडक ऊन पडलं, तर माणूस खूश होतो. भिंतीवरच्या अस्वलाचा मात्र हिशेब बिघडतो.

किती वर्षं टिकतात? संग्रहालयातली १२० वर्षं जुनी मॉस भिजवल्यावर अस्वल जिवंत झालं, ही गोष्ट फार फिरते. मूळ इटालियन नोंद १९४८ ची, आणि तिच्यात एका पायाची पुसट हालचाल एवढंच आहे. उठून चालू लागलेलं कुणी नाही. पक्की नोंद जपानची. अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणलेली मॉस उणे २० अंशांत ठेवली होती, ती २०१४ मध्ये वितळवली. त्यातून दोन अस्वलं आणि एक अंडं जिवंत निघालं. एका मादीनं पुढे १९ अंडी घातली, त्यांतल्या १४ मधून पिल्लं निघाली. अंतराळाचंही तसंच: २००७ च्या फोटॉन-एम३ या अंतराळ मोहिमेत निर्वात पोकळी अस्वलांनी छान सोसली, पण सूर्याचे अतिनील किरणही थेट पडले तेव्हा मोजकीच वाचली.

अतिनील किरणांचा विषय बंगळुरूपर्यंत येतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात भिंतीवरच्या मॉसमध्ये पॅरामॅक्रोबायोटस या पाणअस्वलाचा एक वाण मिळाला. त्याच्या अंगातला पदार्थ अतिनील प्रकाश शोषून निळा चकाकतो आणि त्यामुळे मारक किरणांपासून त्याचा बचाव होतो. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांच्या सामानात याच कुळातली अस्वलं होती.

आपल्या भिंतीवरची पाहायची तर रॉकेट लागत नाही. उन्हापावसाची, अधूनमधून पूर्ण सुकणारी गादी निवडावी. नळाखालची कायम ओली नको. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कागदी पुडीत ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. उथळ वाटीत तुकडा उलटा ठेवून तो जेमतेम भिजेल एवढं पावसाचं पाणी घालावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन टाळलेलं बरं. पाच-सहा तासांनी, किंवा रात्रभर भिजल्यावर, मॉस पिळावी आणि पाणी दहा मिनिटं स्थिर ठेवावं. तळाचा गाळ ड्रॉपरनं उचलून २० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूनं उजेड टाकून पाहावा. खालून भगभगीत उजेड सोडला की पारदर्शक अस्वल दिसेनासं होतं. बहुतेकांची निराशा इथेच होते. सापासारखं वळवळणारे सूत्रकृमी, जळवेसारखे ताणत-आखडत जाणारे रोटिफर. बेढब पावलं टाकणारं मात्र आपलं.

काचपट्टीवर घेताना आच्छादन-काचेच्या, म्हणजे वरून झाकायच्या पातळ काचेच्या, चार कोपऱ्यांखाली मेणाचा कण ठेवावा, नाहीतर अस्वल चिरडतं. पाणी खोल किंवा शिळं असेल तर प्राणवायूअभावी ते फुगून ताठ पडतं. ते मेलेलं असेलच असं नाही. ताज्या पाण्यात हलवून वाट पाहावी. पाहून झालं की मॉस आणि पाणी दोन्ही परत भिंतीवर. भर दुपारी नको, उन्हं कलल्यावर.