दोन मिलिमीटरच्या फुलाचा पेपर

गेंदाचं एक फूल सुटं करून पाहायचं असेल, तर आधी अख्खा गेंद गरम पाण्यात भिजवावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुया घेऊन तो सोडवत बसायचं. कासच्या पठारावर लोक ज्या पांढऱ्या गोंड्यांचे फोटो काढतात, तो प्रत्येक गोंडा म्हणजे कित्येक फुलांचा पुंजका असतो. नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी आणि दोन्ही एकाच पुंजक्यात. या रोपालाच गेंद म्हणतात, शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. सह्याद्रीच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट उघड्या खडकाच्या माळांवर, पावसाळ्यात याच्या बऱ्याच जाती उगवतात आणि उभ्याने पाहिलं तर सगळ्या सारख्याच वाटतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सड्यावर मिळालेली एक जात मला कुठल्याच वर्णनात बसवता येत नव्हती. ती नवी जात म्हणून जर्नलकडे पाठवेपर्यंत काय काय करावं लागलं, ते इथे लिहितेय. जातीचं नाव लिहिणार नाही, कारण पेपर अजून छापून यायचा आहे. सड्याचं नावही लिहिणार नाही, कारण सडा लहान आहे आणि फोटोवाल्यांच्या गाड्या लगेच पोहोचतात.

पीएच.डी. करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांना पेपर म्हणजे लिखाण वाटतं. आमच्या विषयात लिखाण शेवटी येतं. आधी सिद्ध करावं लागतं की हे झाड याआधी कुणी नाव देऊन ठेवलेलं नाही. त्यासाठी जुनं वाङ्मय उपसायचं. हूकरची ब्रिटिश भारताची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ (१८७२–१८९७), कूकची मुंबई इलाख्याची फ्लोरा (१९०१–१९०८), आणि एरिओकॉलॉनसाठी सगळ्यात महत्त्वाचा फायसन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या या माणसाने १९१९ ते १९२२ या काळात भारतातल्या एरिओकॉलॉनवर लेखमाला लिहिली. कासला दिसणाऱ्या एरिओकॉलॉन सेजविकीचं नाव त्यानेच दिलेलं आहे, मुंबई इलाख्यातल्या सेजविक या सनदी अधिकाऱ्यावरून. हे जुने ग्रंथ आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. कूक तर मी एसटीत मोबाईलवर वाचलाय.

वर्णन वाचून भागत नाही. प्रत्येक जातीचा एक मूळ नमुना असतो, त्याला टाइप म्हणतात. वाळवलेलं झाड ज्या कागदावर चिकटवतात ती शीट; ज्या शीटवरून ती जात ठरवली तो टाइप. त्यातल्या बऱ्याच लंडनजवळच्या क्यूच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे अशा शीटच्या संग्रहालयात, आहेत. त्यांचे स्कॅन ऑनलाइन दिसतात, पण स्कॅनमध्ये दोन मिलिमीटरचं फूल काय दिसणार? पानं, दांडा, गोंड्याचा आकार एवढंच. म्हणून पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या) हर्बेरियममध्ये आणि मुंबईला ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाऊन जवळच्या जातींच्या शीट हातात घेऊन पाहाव्या लागल्या. जुन्या शीटवरचा गेंद कापायला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही, मिळूही नये. पण बऱ्याच शीटवर कागदाचं छोटं पाकीट चिकटवलेलं असतं आणि त्यात सुटे पडलेले गोंडे ठेवलेले असतात. त्यातला एखादा भिजवून बघायला परवानगी मिळाली. शंभर वर्षांपूर्वी वाळवलेलं फूल गरम पाण्यात पुन्हा उघडतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलवरच्या अनोळखी मुलाला बोलावून दाखवलं होतं.

परत आल्यावर मी प्रस्तावना लिहायला घेतली. माझ्या मार्गदर्शक सरांनी थांबवलं.

"आधी तक्ता कर."

"सर, निदान सुरुवातीचा परिच्छेद तरी..."

"अगं, प्रस्तावना कुणी वाचत नाही. एखाद्या अनोळखी माणसाच्या एका हातात झाड आणि दुसऱ्या हातात तुझा पेपर असेल, तर त्याला तुझ्याशी भांडता आलं पाहिजे. ते तक्त्यावरून येतं."

मग तक्ता. एका बाजूला आमची जात, दुसऱ्या बाजूला तिच्या सगळ्यात जवळच्या जाती. खाली लक्षणं: गोंड्याचा रंग आणि आकार, गोंड्याभोवतीच्या छदांची (पानासारख्या छोट्या खवल्यांची) लांबी, गोंड्याच्या आतला बैठा भाग केसाळ की गुळगुळीत, नर फुलाची निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) जुळलेली की सुटी, मादी फुलाला किती निदलं, पाकळ्यांवर काळी ग्रंथी आहे का, परागकोशाचा रंग, बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी. "जरा मोठं", "साधारण लांबट" असं लिहायचं नाही, किमान आणि कमाल आकडा द्यायचा. त्यातही एकाच झाडाची मापं घेऊन उपयोग नसतो. सड्याच्या ओल्या खळग्यातलं झाड आणि कडेच्या कोरड्या भागातलं झाड यांच्या उंचीत एवढा फरक पडतो की उंचीवरून जात ठरवणारा फसलाच. हा तक्ता पुरा व्हायला सगळ्यात जास्त वेळ गेला. जी लक्षणं ओलाव्यानुसार बदलतात ती शेवटी आम्ही काढूनच टाकली. तक्ता निम्मा झाला, पण जे उरलं त्यावर बोट ठेवता येत होतं.

तक्त्यानंतर डायग्नोसिस अगदी सोपं जातं. ही जात अमुक जातीसारखी दिसते, पण अमुक तीन बाबतींत वेगळी आहे, एवढं तीन-चार ओळींत. २०११ अखेरपर्यंत हे लॅटिनमध्ये लिहावं लागायचं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं आणि त्याच दिवसापासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमधलं नावही ग्राह्य धरलं जातं. आमच्या आधीच्या पिढीतले लोक लॅटिन जाणणाऱ्या माणसाच्या शोधात हिंडायचे, त्यांच्या गोष्टी सर अजून सांगतात. बाकी इंग्रजीची भीती मला कमी वाटली, हे मराठी माध्यमातल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिते. वनस्पतीच्या वर्णनातल्या इंग्रजीत क्रियापदच नसतं. पानं तळाशी, अरुंद, टोकदार, गुळगुळीत, इतकी बाय इतकी. खरी इंग्रजी लागते ती चर्चेच्या दोन परिच्छेदांत, आणि तीही जितकी साधी तितकी बरी.

होलोटाइप म्हणजे आपल्या नव्या जातीची मूळ शीट. ती नेमकी कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवली, हे १९९० पासून पेपरमध्ये लिहावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य होत नाही. म्हणून पेपर पाठवण्याआधीच शीट जमा करून तिचा नोंदणी क्रमांक घ्यायचा. त्याच दिवशी, त्याच जागी गोळा केलेल्या जादा शीट आयसोटाइप म्हणून दुसऱ्या हर्बेरियमना द्यायच्या. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं आणि तिथे वाळवी लागली किंवा पाणी शिरलं तर संपलं. प्रबंधात मात्र मी या झाडाला नाव दिलेलं नाही, तिथे ते नुसतं "एरिओकॉलॉन जात १" आहे. प्रबंधात छापलेलं नाव नियमाप्रमाणे सहसा प्रसिद्ध झालेलं धरत नाहीत, मग ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सगळ्यांना दिसत राहतं आणि नुसता घोळ होतो.

आता प्लेट, म्हणजे चित्रांचं पान. मला विचाराल तर नव्या जातीच्या पेपरमध्ये प्लेटच खरा पेपर. एक रेखाचित्रांची, एक रंगीत फोटोंची, एक बियांची. रेखाचित्रं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा (दिसणारी प्रतिमा कागदावर गिरवता येते असं उपकरण) लावून पेन्सिलने काढायची, मग ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने शाई. हल्ली टॅब्लेटवर काढणारे आहेत, त्यांचं काम स्वच्छ दिसतं. मला मात्र पेनने काढताना फूल कळलं. पाकळीच्या टोकाची ग्रंथी किती आत आहे, कडेचे केस कुठून सुरू होतात, हे हात चालवल्याशिवाय लक्षात येत नव्हतं. नुसता फोटो पाहणारा डोळा त्यावरून घसरून जातो. शेडिंगला ठिपके द्यायचे आणि त्यांचीही एक शिस्त असते, घाई केली की पाकळी गोवर आल्यासारखी दिसते.

बियांसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. एरिओकॉलॉनच्या बियांवर बारीक नक्षी आणि काट्यांसारखी टोकं असतात आणि ती जातीजातींत वेगळी असतात, म्हणून परीक्षक ती मागतातच. बी पक्व हवं. म्हणजे सडा वाळायला लागल्यावर, ऑक्टोबरमध्ये, पुन्हा वर जायचं आणि वाळलेले गोंडे कागदावर झटकायचे. यंत्राची वेळ आधी मागून घ्यावी लागते. आपला नंबर येईपर्यंत मधे भौतिकशास्त्रवाले, रसायनवाले आणि त्यांची नॅनो पावडर. बी यंत्रातल्या छोट्या खांबावर चिकटवायचं, त्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा, मग फोटो. सोन्याचा थर ऐकून घरी आईने विचारलं होतं, ते सोनं नंतर परत देतात का!

एक सूचना, जी कुठल्याही नियमावलीत असते पण पाळली जात नाही: प्रत्येक चित्राखाली मापाची रेघ चित्र काढतानाच टाका. "दहापट मोठं केलेलं" असं लिहून चालत नाही, कारण छापताना चित्र लहान-मोठं होतं. आणि रेखाचित्र स्कॅन करताना ६०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. बहुतेक जर्नल फोटोला ३०० आणि रेखाचित्राला ६०० ते १२०० मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो प्लेटमध्ये घालायचा विचारही करू नका.

सहलेखकांत वाद झाला तो धोक्याच्या वर्गवारीवरून. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचे निकष लावायचे असतात. जात एकाच सड्यावर सापडलेली, म्हणजे दोन बाय दोन किलोमीटरच्या एका चौकटीत, व्याप्ती ४ चौरस किलोमीटर. १० च्या खाली आली की "अत्यंत धोक्यात" या वर्गाचा आकडा पुरा होतो. एका सहलेखकाचं म्हणणं, तेच लिहू, पेपरला वजन येईल. पण नुसत्या आकड्यावर तो वर्ग मिळत नाही, सोबत घट होत असल्याचा वगैरे पुरावा लागतो. शिवाय आसपासचे सगळे सडे सप्टेंबरात चालून कुणी पाहिलेत? आम्ही पाहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. शेवटी "माहिती अपुरी" असंच लिहिलं. मला अजूनही तेच बरोबर वाटतं. प्रत्येक नवी जात छापून येतानाच मरणाच्या दारात उभी असते, असं वाचून वाचून त्या शब्दांची धार गेली आहे.

लेखकांची नावं हा विषय आमच्या विद्यापीठांत कसा असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांचंही नाव "घालून टाक" म्हणून निरोप येतो. आमच्या शास्त्रात एक सोय आहे: पेपरचे लेखक आणि जातीच्या नावापुढे लागणारे लेखक वेगळे ठेवता येतात. ती आम्ही वापरली. हल्ली बरीच जर्नल कुणी काय काम केलं याचे ठरीव १४ प्रकार देतात आणि प्रत्येक नावापुढे टिचकी मारायला लावतात. तो तक्ता भरताना एका नावापुढे काय लिहावं हे कुणालाच सुचेना, आणि ते नाव आपोआप आभारात गेलं. आभारात पहिलं नाव मात्र गावातल्या मामांचं आहे, ज्यांनी धुक्यात आम्हाला सड्यावरून खाली आणलं.

जर्नल निवडताना तारतम्य लागतं. "डिअर एमिनंट प्रोफेसर, आठ दिवसांत छापू" असे मेल मला एम.एस्सी.पासून येतात. यूजीसीने मान्य जर्नलची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे यादीत बघून ठरवायची सोयही राहिली नाही. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपरची सक्ती उरली नाही, पण मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न पेपर किती हाच असतो. माझी पद्धत साधी होती. माझ्या संदर्भयादीतले गेल्या काही वर्षांतले एरिओकॉलॉनचे पेपर कुठे आलेत ते बघितलं. फायटोटॅक्सा, ऱ्हीडिया, नॉर्डिक जर्नल ऑफ बॉटनी अशी नावं पुन्हा पुन्हा आली. त्यातल्या, लेखकाकडून पैसे न घेणाऱ्या एकाकडे पाठवायचं ठरलं. मग त्या जर्नलचा ताजा अंक शेजारी उघडून आमची प्रत ओळीओळीने तशी करत गेले. मापांमधली रेघ लहान की मोठी, संग्राहकाचं नाव तिरप्या अक्षरात की सरळ, संदर्भात जर्नलचं नाव पूर्ण की संक्षिप्त. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे आणि डोकं शांत राहतं.

साम्य तपासणीत (मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअर बघतं) आकडा वर आला तर लगेच घाबरू नका. वर्णनाची भाषाच ठरीव असते, "पानं गुळगुळीत, टोकदार" हे शंभर जणांनी लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरने कुठली वाक्यं रंगवली आहेत ते उघडून पाहा. प्रस्तावना आणि चर्चा रंगली असेल तर मात्र नव्याने लिहा.

प्रत्यक्ष सबमिशन हे एका दुपारचं काम, नेट चाललं तर. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक, कव्हर लेटर, परीक्षक म्हणून सुचवायची नावं (आपल्या सरांचे मित्र नकोत), नावं काढून टाकलेली वेगळी प्रत. शेवटी संकेतस्थळ सगळ्या फायली जोडून एक पीडीएफ बनवतं. ती उघडून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मंजुरीचं बटण दाबू नका. आमच्या पीडीएफमध्ये अंशाची सगळी चिन्हं चौकोन झाली होती. आणि हो, अक्षांश-रेखांश आम्ही मुद्दाम ढोबळ दिले आणि तसं संपादकांना पत्रात कळवलं. अचूक आकडे हर्बेरियमच्या नोंदीत आहेत, ज्याला अभ्यासाला हवेत त्याला मिळतील.

दोन परीक्षकांची उत्तरं आली आहेत. पहिल्याचं म्हणणं किरकोळ, स्वल्पविराम आणि एक संदर्भ. दुसऱ्याने तक्ता धरला. मादी फुलाच्या निदलांची संख्या एकाच गोंड्यात बदलते का, किती गोंडे तपासले, ते लिहा म्हणतो. प्रश्न नेमका आहे. जपून ठेवलेले गोंडे पुन्हा भिजत घातलेत, मोजणी चालू आहे. काही फुलांत तिसरं निदल अगदी केसाएवढं निघतंय, ते मोजायचं की सोडायचं यावर सरांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.